माझ्या नावावरची गाडी

माझा माझ्या धाकट्या दिरावर राग आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारी गाडीचं सांगता सांगता भाऊबंदकीत शिरली. भाऊबंदकी आधीपासूनच होती. गाडी नंतर मधे आली.

गाडी म्हणजे आठशे सीसीची, छोटी, फिकट निळी. आमच्या घरात आलेली पहिली चारचाकी, तीही वापरलेलीच घेतली होती. तेव्हा भाऊजी पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहणार होते. उमेदवाराला म्हणे आपल्या अन् बायकोच्या नावावर काय काय आहे ते लिहून द्यावं लागतं. मग गाडी दिसू नये म्हणून ती थोरल्या भावजयीच्या नावावर चढवली. थोरली भावजय म्हणजे मी. एक जण शाईचा पॅड अन् कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी भाकरी थापत होते.

"वैनी, अंगठा द्या," भाऊजी म्हणाले.

मला सही येत होती. चौथीपर्यंत शाळा झाली होती माझी. पण तव्यावर भाकरी होती, कोण वाद घालत बसणार? पिठाचा हात पुसला अन् अंगठा दिला. कशाचा कागद हे मला कुणी सांगितलं नाही, अन् मीही विचारलं नाही. त्या काळी न विचारण्यालाच शहाणपण म्हणत.

गाडी चालवायला मला आमच्या मालकांनी शिकवलं, खळ्यावर, सुगी झाल्यानंतर मोकळं असताना. मालक म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं मालकच म्हणतात. तीन आठवडे मी गोल गोल फिरले. चौथ्या आठवड्यात भाऊजी खळ्याच्या कडेला येऊन उभे राहिले अन् माझ्याशी न बोलता मालकांना म्हणाले, "दादा, घरच्या बाईनं स्टेरिंग धरलं तर लोकं आपल्याला मतं कावून देतील?" मालकांनी मला खाली उतरायला सांगितलं. मी उतरले. पुढं भाऊजी निवडून आले, मोठ्या गाड्या आल्या, काळ्या काचांच्या, अन् ही बिचारी गोठ्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिथं तिच्यात खताची पोती ठेवली. पोती गेली तर कोंबड्या आल्या.

सात-आठ वर्षांपूर्वी एक खुडूक कोंबडी सापडेना म्हणून मी शेडमध्ये गेले, तर ती मागच्या सीटवर अंड्यांवर बसलेली. तिला उठवायला मी दार उघडलं अन् दार माझ्या हातातच आलं. बिजागरीपाशी पत्रा गंजून पापड झाला होता. मी ते दार मांडीवर घेऊन तिथंच बसले. मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी घरातल्या जुन्या कागदांची पेटी काढली, गाडीचं नोंदणीचं पुस्तक शोधलं, अन् त्यावर माझं नाव वाचलं. पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. माझ्या नावावर ना जमीन, ना घर. फक्त एक कोंबड्यांचं खुराडं, चार चाकांचं.

सिरसाळ्याला एक म्हातारे मिस्त्री होते, ओळखीचे. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की त्यांचं दुकान बंद असायचं. मी त्यांना निरोप धाडला. ते मोपेडवर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर टिचकी मारली अन् म्हणाले, "भाभी, हिला जिंदा करायचं म्हणजे लई सबुरी लागते. हाय का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "मिस्त्री, या घरात चाळीस वर्षं काढलीत."

"मंग हाय," ते म्हणाले अन् बाह्या वर केल्या.

तेव्हापासून दर शुक्रवार. मी रद्दीतून आयटीआयचं मोटार दुरुस्तीचं मराठी पुस्तक मिळवलं. अक्षर लावत लावत वाचलं, न कळलेलं मिस्त्रींना विचारलं, त्यांना न कळलेलं मोबाईलवर बघितलं. कार्बोरेटर पहिल्यांदा मिस्त्रींनी उघडला, दुसऱ्यांदा मी, अन् तिसऱ्यांदा मी एकटीनं. त्याच्या पोटात कोंबडीचं पीस निघालं. खालचा सगळा पत्रा खतानं खाल्ला होता, तो कापून नवा जोडला. वेल्डिंग मिस्त्रींनी केलं, घासकाम माझं. साबणाचं पाणी अन् पॉलिश पेपर घेऊन मी एकेक दार आठ-आठ दिवस घासलं. तळव्याखाली पत्रा असा लागायला पाहिजे जशी मळून झालेली कणीक, हे मला पुस्तकात कुठं सापडलं नाही. हातालाच कळलं.

घरातले काय म्हणत? जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, माझ्या नखांतलं काळं ग्रीस बघून चारचौघींत म्हणायच्या, "बाई बाई, मेंदी लई रंगली की आमच्या थोरल्या जाऊबाईंची!" अन् भाऊजी मागून जाताना थांबायचे. "वैनी, भंगाराचं दुकान टाकताय का? बोर्ड मी करून देतो. फोटो मात्र माझा लावा." बरोबरची माणसं हसायची. ती पगारीच होती हसायला.

मालक काही बोलत नसत. न बोलणं हा त्यांचा धंदाच आहे.

गाडी तयार झाली. मी लायसन्स काढलं तेव्हा साठी जवळ आली होती. मुदत संपलेली गाडी परत नोंदवायला मिस्त्री अन् मी अंबाजोगाईच्या आरटीओत गेलो. तिथल्या साहेबानं वाकून सगळं बघितलं, चोक ओढून बघितला, ब्रेक मारून बघितला, अन् विचारलं, "कुणी केली एवढी?" मिस्त्रींनी माझ्याकडं बोट दाखवलं. साहेबाला खरं वाटलं नाही, पण गाडी पास झाली. कागदावर मी सही केली, चार ठिकाणी, वळणदार. घरी हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. भाऊजींच्या लेखी ते भंगार होतं, अन् भंगाराला कुठले कागद?

मग गेल्या निवडणुकीत वारं फिरलं. आमच्या भागातल्या लोकांना काळ्या काचांच्या गाड्यांचा वीट आला होता. ताफा गावात शिरला की माणसं पारावरनं उठून घरात जायला लागली. भाऊजींना कुणीतरी शहाण्यानं सल्ला दिला असणार. कारण एका सकाळी ते एकटेच शेडमध्ये आले, माझ्या समोरच्या पालथ्या क्रेटवर बसले, अन् गाडीच्या टपावरून हात फिरवला.

"वैनी, काय चकाचक केलीय हो. मानलं तुमाला."

मी पान्यानं नट आवळत होते. वर बघितलं नाही.

"प्रचाराला हीच घेतो म्हणलं. साधा माणूस, साधी गाडी. लोकायला पटतंय असलं."

"तुमी कवा साधे झाले, भाऊजी?"

ते हसले. "निवडणुकीपुरतं व्हावं लागतंय. एक संमतीचा कागद लागतो, ज्याच्या नावावर गाडी त्याचा. तेवढं देऊन टाका."

"न्हाई देत."

"कावून?"

"माझी हाय म्हणून."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "वैनी, ती तुमच्या नावावर मीच केलीय."

"म्हणूनच तर माझी हाय," मी म्हटलं. ते उठले अन् जाताना क्रेटला लाथ बसली. चुकून बसली असं म्हणू या.

तिसऱ्या दिवशी मी पाहुण्यांकडं गेलते. परत आले तर शेड रिकामी. किल्ली तर माझ्या कनवटीला. मी मालकांकडं बघितलं. ते वर्तमानपत्र उलटं धरल्यासारखे वाचत होते.

"दुसरी किल्ली तुमी दिली?"

"अगं, भाऊ हाय माझा. फेरी मारून आणतो म्हणला."

एवढंच म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याहून ती कोंबडी जवळची वाटली, निदान ती अंड्यावरनं उठवताना चोचीनं टोचली तरी होती.

दुपारी त्यांच्याच मोबाईलवर फोन आला. पलीकडून भाऊजी. नाक्यावर निवडणुकीच्या भरारी पथकानं गाडी अडवली होती. काचेवर प्रचाराचा परवाना नाही, मालकिणीला बोलवा म्हणत होते. मालकांनी मोटारसायकल काढली. मी मागं बसले.

नाक्यावर गर्दी होती. गाडी कडेला उभी, अन् तिच्या बॉनेटवरून, काचेवरून, चाकांवरून दूध ओघळत होतं. मला आधी कळलंच नाही काय आहे ते. मग वास आला. मागच्या गावात कार्यकर्त्यांनी त्यांच्या साहेबांच्या, म्हणजे भाऊजींच्या, साध्या गाडीला दुधाचा अभिषेक घातला होता, घागरी भरून, घोषणा देत देत. आमच्याकडं ही चाल आहे, फोटोला घालतात, पुतळ्याला घालतात, आता गाडीला घातली. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागं जाळी असते, हवा आत जायची. दूध तिथून सगळं आत गेलं होतं. पंख्यात, वायरींत, मॅटखाली, मी घासलेल्या पत्र्यावर. वर भर उन्हाळा.

पथकातल्या साहेबांच्या हातात एक कागद होता. शेजारी एक जण कॅमेरा घेऊन चित्रण करत होता. साहेब काही विचारायच्या आत भाऊजी पुढं आले अन् माझ्या कानाशी वाकले. उन्हानं त्यांच्या कपाळावरचा टिळा वितळला होता.

"वैनी, 'व्हय' म्हणा. दुसरं काय बी बोलू नका."

मी जाळीतून आत बघत होते.

"न्हाई म्हणलं तर गाडी ठाण्यात जाईल. तिथं गाड्यातून बाभळी उगवल्यात, बघितल्या न्हाईत का? माझं काय व्हतंय? माझ्याकडं सहा हायत. तुमची सडल."

हे त्यांचं बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ठाण्याच्या आवारात गेलेली गाडी चाकावर परत येत नाही, हे मिस्त्रीही सांगायचे. 'व्हय' म्हटलं असतं तर तासाभरात गाडी शेडमध्ये, मॅट बाहेर, पाण्याची पाईप आत. दूध नासायच्या आधी निघालं असतं. मी खरंच मनात हिशोब लावला, कुठून खोलायची, आधी सीट की आधी पंखा.

"मावशी, ही गाडी तुमची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"प्रचाराला तुम्ही दिली? हे संमतीपत्र तुमचं?" त्यांनी कागद पुढं केला. टाईप केलेला मजकूर, खाली माझं नाव, अन् नावाशेजारी निळा अंगठा.

मी त्या अंगठ्याकडं बघत राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं मी या दिराला जेवायला वाढलं. त्याच्या डोळ्यांसमोर ओसरीवर बसून मी पेपर वाचला, किराण्याच्या याद्या लिहिल्या, ते मोटारीचं पुस्तक वाचून वाचून त्याची पानं सुटी केली. अन् त्याला हेच माहीत नव्हतं की मला लिहिता येतं. बघितलंच नव्हतं त्यानं. खोटी सही केली असती तर मला कदाचित कमी राग आला असता. सही करायला निदान माणूस बघावा लागतो.

"साहेब," मी म्हटलं, "पेन द्या."

त्यांनी दिला. मी त्या कागदाच्या पाठीवर सही केली, वळणदार, पूर्ण नाव. "अंबाजोगाईच्या कागदावर हीच सही हाय. बघून घ्या. मी अंगठा लावत न्हाई. गाडी मी दिली न्हाई."

भाऊजींच्या मागं उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला भानामती झाली का काय बे?" साहेबांनी त्याला गप्प केलं. मग पंचनामा, जबाब, परत सही. भाऊजी माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मालकांकडं बघून मात्र म्हणाले, "दादा, बाईला आवर घालता आला न्हाई तुला." मालक खाली बघत होते. गाडी ठाण्याच्या माणसानं चालवत नेली, काचा बंद करून, दूध आतच. गिअर टाकताना खरखर आवाज केला त्यानं. तो आवाज माझ्या दातांत अजून आहे.

आता कुणाला वाटेल भाऊजी पडले असतील. नाही. निवडून आले. गुलाल आमच्या दारापर्यंत आला, माझ्या वाळवणावर पडला. केस चालू आहे, तो अंगठा कुणाचा हे अजून ठरायचं आहे, अन् ठरेपर्यंत भाऊजी मिरवतायत.

गाडी सुटायला पावसाळा संपला. मधे मी दोनदा ठाण्याच्या कुंपणापाशी जाऊन आले. मुद्देमालाला हात लावायचा नाही म्हणून आत सोडलं नाही. काचा आतून पांढऱ्या धुरकट झालेल्या लांबूनही दिसायच्या. ताब्यात मिळाली ती टेम्पोवर घालून आणली. बॅटरी नाही, स्टेपनी नाही. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. ब्रेक पार गेलेले. अन् दार उघडलं तेव्हा तो वास. मी जनावरांत वाढलेली बाई, पण मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

मिस्त्री एक शुक्रवार आले. दुसऱ्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला. "भाभी, माफ करा. लोकं दुकानावर आलते. ह्या वयात दुकान बंद पडलं तर..." मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही काही बोलू नका, तुम्ही शिकवलंय तेवढं पुरतं. फोन ठेवला अन् मग मात्र रडले. रागानं, बरं का. भाऊजींनी माझं माणूस तोडलं होतं.

घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. जाऊबाई मेंदीचं बोलत नाहीत, काहीच बोलत नाहीत. भाऊबंदांचा निरोप मात्र येत राहतो. तारखेला जाऊ नको. गेलीस तर सांग अंगठा माझाच होता, तेव्हा घाईत लावला, विसरले. म्हातारी माणसं विसरतात, कुणी काही म्हणणार नाही. निरोप आणणारा दरवेळी वेगळा, शब्द तेच. आणि शेवटी एवढं जोडतात, की कोर्टात जायचंच म्हटलं तर नेणार कोण? घरातली एकही गाडी हलणार नाही. जीपवाल्यालाही सांगून ठेवलंय.

तर मी माझीच गाडी करते आहे. तारीख जवळ आलीय म्हणून रंगाचं सोडून दिलं, पळण्यापुरतं करते. सीट काढून उन्हात टाकल्या, मॅट जाळल्या, पंखा खोलून धुतला, वायरी एकेक करून जोडल्या. इंजिन चालू झालं परवा. वास जात नाही. सोडा टाकला, लिंबू घासलं, कडुनिंबाचा धूर दिला. आत बसलं की अजून नासकं दूध येतं नाकात. येऊ दे.

राहिले फक्त ब्रेक. ब्रेकचं तेल बदललं की नळ्यांत हवा राहते, ती काढावी लागते, अन् ते एकट्या माणसाचं काम नाही. एकानं आत बसून ब्रेकवर पाय दाबायचा, दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन छोटा नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, नट आवळायचा, मगच आतल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. शुक्रवारी मिस्त्री आत बसून ब्रेक दाबायचे.

काल दुपारी मी सतरंजी टाकून मागच्या चाकाशी आडवी झाले होते, नुसतीच, काय करावं ते न सुचून. शेडच्या दारात मालकांच्या चपला दिसल्या. बराच वेळ दिसत होत्या.

"तारखेला जाणार हायस का?" वरून आवाज आला.

"जाणार."

"तो माझा भाऊ हाय गं."

"मला म्हाईत हाय."

चपला तिथंच. मला वाटलं, जातील आता. मला त्यांचाही राग आहे, हेही लिहून टाकते. किल्लीचा राग मी मरेपर्यंत ठेवणार आहे अन् त्यांना ते ठाऊक आहे.

"आत बसा," मी म्हटलं.

"काय?"

"पुढच्या सीटवर बसा. मधला ब्रेक दाबायचा. मी म्हणेपर्यंत सोडायचा न्हाई."

गाडी थोडी खाली बसली. आतून खोकल्याचा आवाज आला. "अगं, वास येतोय लई."

"येतोच. दाबा."

त्यांनी दाबला. मी नट सैल केला, बाटलीतल्या नळीत बुडबुडे आले, मोठे मोठे.

"सोडू का?"

"न्हाई," मी म्हटलं. "दाबून धरा."